गन दीड किलोची, तीही लटकलेली. मग खांदा का जातो?

अंबडची सेकंड शिफ्ट | ३ डिसेंबर, रात्री १:१५

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. आत्ताच कामावरून आलोय, जेवलोय, झोप येत नाहीये.

वय ४४, वजन ७०. अंबड एमआयडीसीत असेंब्ली लाइनवर अकरा वर्षं काढली. काम एवढंच: वरच्या कन्व्हेयरला टांगून जॉब येतो, त्याला खालून वर चार बोल्ट मारायचे, पुढचा जॉब. हात कायम कपाळाच्या उंचीला. बोल्ट आवळायची गन हवेवरची, दीड किलोची, पण ती स्प्रिंग बॅलन्सरला लटकलेली असते, म्हणजे तिचा भार माझ्यावर नाहीच म्हणा ना.

उजवा खांदा चौदा महिने झाले दुखतोय. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास सुरू झालं. आधी शिफ्ट संपता संपता नुसता शिणवटा यायचा, गरम पाण्याने आंघोळ केली की उतरायचा. आता त्या कुशीवर झोपता येत नाही. शर्ट घालताना उजवी बाही आधी चढवावी लागते, डावी नंतर. उलटं केलं तर कळ कोपरापर्यंत जाते.

गंमत पुढे आहे. सुट्टीला सिन्नरकडे गावी गेलो की खताची पन्नास किलोची गोणी ट्रॉलीतून पाठीवर घेऊन शेडमध्ये टाकतो. चार-सहा गोण्या सहज. खांदा हूं की चूं करत नाही. दुसऱ्या दिवशी लाइनवर उभा राहिलो की अर्ध्या तासात ठणका चालू.

एमआरआय केला. 'पार्शल टेअर' लिहून आलंय, म्हणजे आत अर्धवट फाटलंय. एक डॉक्टर म्हणाले दुर्बिणीचं ऑपरेशन करून जागा मोकळी करू. दुसरे म्हणाले आराम. आराम करून पाहिला, पंधरा दिवस रजा टाकली. खांदा गार झाला. कामावर गेलो, चौथ्या दिवशी पुन्हा तेच. आमचे साहेब म्हणतात, "अरे वजन तर काहीच नाही, दुखतं कसं?" मला राग यायला हवा, पण माझाही प्रश्न तोच आहे. दुखतं कसं?

नाशिकरोडचा जावई | ३ डिसेंबर, सकाळी ७:४०

शिरेवर शीर चढली असणार. सासऱ्यांना असंच होतं. महानारायण तेल कोमट करून रात्री रगडायचं, वरून एरंडाचं पान बांधायचं. एमआरआयच्या पैशात सात वर्षं तेल पुरलं असतं.

गणिताचा मास्तर | ३ डिसेंबर, दुपारी १२:०५

औषधातलं मला कळत नाही, तरफेतलं कळतं. 'वजन काहीच नाही' हे तुमच्या साहेबांना कागदावर मांडून दाखवा.

माणसाचा एक हात शरीराच्या वजनाच्या साधारण ५ टक्के भरतो. तुमचं वजन ७०, म्हणजे हात साडेतीन किलोचा. हात समोर सरळ धरला तर त्या वजनाचा मध्य खांद्याच्या सांध्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर येतो. आणि जो स्नायू तो हात उचलून धरतो त्याची पकड सांध्याच्या केंद्रापासून जेमतेम ३ सेंटिमीटरवर. म्हणजे दहास एक. साडेतीन किलोचा हात नुसता हवेत धरायला स्नायूला ३५ किलोचा ताण द्यावा लागतो. हातात काहीही नसताना. बॅलन्सर नसता तर दीड किलोची गन ६० सेंटिमीटरवर, म्हणजे आणखी ३० किलो.

बॅलन्सरने गनचं वजन पेललं हो. हाताचं कोण पेलणार?

(कोपर दुमडून अंगाजवळ घेतलं तर ३० चे १५ होतात आणि ताण निम्म्यावर येतो. आठवीच्या पोरांना हे मी झाडू आडवा धरायला लावून शिकवतो. दोन मिनिटांत वर्ग शांत होतो, दुसरा फायदा तो.)

मांडवाखाली | ३ डिसेंबर, रात्री ८:३०

दादा, तुमचा धागा वाचून आमच्या बागेतल्या बाया आठवल्या. दिंडोरी तालुक्यात साडेतीन एकर द्राक्ष आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की पेस्ट लावणे, फेलफूट काढणे, शेंडा मारणे, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), थिनिंग (घड विरळणं), सगळं काम डोक्याच्या वर. मांडव साडेसहा फुटांवर आणि बाई पाच फुटांची. सुरगाणा-पेठकडून टोळ्या येतात, उक्तं काम घेतात, एकरी भाव ठरतो. उक्त्यात कोण थांबतंय? सकाळी गारठ्यात सुरू करतात ते दिवस मावळेपर्यंत मान वर, हात वर.

थिनिंगची कात्री हातात धरून पाहा, तिचं वजन ते काय असतं! पण आठव्या-दहाव्या दिवशी बायांना डोक्याला तेल लावायला हात वर नेता येत नाही. एकमेकींच्या वेण्या घालून देतात. आधी वाटायचं हौसेने घालतात.

याच बाया डोक्यावर वीस-वीस किलोचे क्रेट सहज नेतात. तुमच्या गोणीसारखंच.

पंचवटी फिजिओ | ४ डिसेंबर, रात्री १०:५०

मी फिजिओथेरपिस्ट आहे. खांदा न तपासता निदान करणार नाही, पण धागाकर्त्यांनी प्रश्न इतका नेमका विचारलाय की थोडं लांब लिहिते.

आधी गोणी. गोणी पाठीवर बसते, तिचा भार फऱ्यावरून (खांद्यामागचं चपटं हाड), कण्यावरून खाली पायांत जातो. खांद्याचा सांधा त्या वेळी खाली, अंगाजवळ असतो आणि जोर लागतो तो अर्धा-एक मिनिट. मग गोणी टाकली, श्वास घेतला, परत ट्रॉलीकडे चालत गेलात. तेवढ्यात स्नायूत नवं रक्त खेळून येतं. लाइनवर ते चालत जाणंच नाही.

खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर चेंडू ठेवलाय असं समजा, आणि बशी चेंडूपेक्षा बरीच लहान. हाडं त्याला धरत नाहीत, स्नायू धरतात. चेंडूच्या भोवती चार छोटे स्नायू आहेत, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. आणि ती बशी ज्याच्यावर आहे तो फरा स्वतःच बरगड्यांवर सरकत असतो. हात कानाजवळ पूर्ण वर नेला तर त्या १८० अंशांतले साधारण १२० सांध्यातून येतात आणि ६० फरा फिरल्यामुळे. फरा वेळेवर फिरला नाही तर छोट्या स्नायूंची ओढाताण होते.

आता स्नायूचं. स्नायू म्हणजे एक दोरखंड नाही, धाग्यांचे शेकडो गट आहेत. जोर कमी लागणार असेल तर सगळे कामाला येत नाहीत, आधी छोटे गट येतात. जोर वाढला की मोठे. जोर कमी झाला की मोठे आधी घरी जातात, छोटे सगळ्यांत शेवटी. म्हणजे हलकं काम, पण तासन्तास, यात रोज तेच तेच मूठभर धागे राबतात. बाकीचा स्नायू आरामात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं माणूस दमायचं कारण नाही. स्वीडनच्या गोरान हेग यांनी १९९१ साली ही कल्पना मांडली आणि तिला सिंड्रेलाचं नाव पडलं: सगळ्यांच्या आधी उठणारी, सगळ्यांच्या शेवटी पाठ टेकणारी. आपल्याकडे थोरली सून म्हटलं तरी चालेल. दीर्घकाळ दुखणाऱ्या मानेच्या-खांद्याच्या स्नायूचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा काही धागे खरंच बिघडलेले, ऊर्जा तयार करण्याच्या यंत्रणेत गडबड असलेले दिसले. एकेकाळी समज होता की पूर्ण ताकदीच्या १५ टक्क्यांहून कमी जोर माणूस कितीही वेळ धरून ठेवू शकतो. नंतर दिसलं की ५ टक्केसुद्धा तासभर धरला तर स्नायू थकतो.

त्यात भर रक्ताची. आकुंचन पावलेला स्नायू आतून घट्ट होतो, बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. कफमधला वरचा स्नायू, सुप्रास्पायनेटस, हाडांच्या खोबणीत कोंबलेला आहे, त्याला फुगायला जागा नाही. हात थोडासा वर धरला तरी त्याच्यातला दाब वाढतो. हात खाली सोडा, रक्त धावतं.

आणि धागाकर्त्यांच्या लक्षात आणून द्यायची गोष्ट: दुखणं हे नुसतं परिणाम नसतं, तेही स्नायूला बिघडवतं. निरोगी माणसाच्या स्नायूत मिठाचं तीव्र पाणी टोचून मुद्दाम दुखवलं तर काही मिनिटांत त्या स्नायूचा जोर कमी होतो. काहीही फाटलेलं नसतं, दुखणं ओसरलं की जोर परत. उलट, खांदेदुखीच्या रुग्णांना त्या जागी भूल देऊन तपासलं की लगेच ताकद वाढलेली दिसते. म्हणजे 'हातात जोर राहिला नाही' यातला बराच भाग मेंदूने हात आखडता घेतल्याचा असतो. मग काम करायला दुसरे पुढे येतात, मानेकडचा वरचा ट्रॅपेझियस खांदा कानाकडे उचलून वेळ मारून नेतो. खालचे, फऱ्याला धरणारे, सुस्तावतात. मग कफवर आणखी ताण, आणखी दुखणं.

रजेत बरं वाटलं आणि चौथ्या दिवशी परत आलं त्याचं कारण यात आहे. पंधरा दिवसांत दुखणं शमलं, पण स्नायू तेवढेच दुबळे, उलट थोडे अधिकच, आणि लाइन होती तशीच.

काही प्रश्न विचारते. शुगर तपासली आहे का? बोटांत मुंग्या येतात का? आणि कोपर बरगडीला चिकटवून, मनगट बाहेर फिरवा. अडकतंय का? घरच्यांना तुमचा हात फिरवायला सांगा, त्यांनाही अडकतंय का?

अंबडची सेकंड शिफ्ट | ५ डिसेंबर, रात्री १:३०

ताई, दोनदा वाचलं. शुगर नॉर्मल, मागच्याच महिन्यात कंपनीच्या तपासणीत केली. मुंग्या नाहीत. मनगट बाहेर पूर्ण फिरतं, बायकोने फिरवून पाहिलं.

तुम्ही कानाकडे खांदा उचलण्याचं लिहिलं म्हणून बनियन काढून आरशासमोर उभा राहिलो. दोन्ही हात सावकाश वर. डावा सरळ गेला. उजवा हात खांद्याच्या उंचीलाही आला नव्हता आणि खांदाच वर चढला, मान एका बाजूला आखूड दिसायला लागली. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही गेल्या वर्षभर फोटोत असेच उभे असता." पोराच्या वाढदिवसाचा फोटो काढून दाखवला. खरंच.

दुसरं. आज मोबाइल टूल ट्रॉलीवर टेकवून (साहेब नसताना) वीस मिनिटांचा व्हिडिओ घेतला. सायकल ५२ सेकंदांची. जुळवणी आणि चार बोल्ट मिळून ३७ सेकंद. उरले १५. त्या १५ सेकंदांत मी काय करतो? काही नाही. गन हातात, हात वर, पुढच्या जॉबची वाट बघत उभा. अकरा वर्षांत एकदाही लक्षात आलं नाही. गन सोडली तर ती बॅलन्सरने वर जाते, पुन्हा धरायला टाच उचलावी लागते, म्हणून सोडायचीच नाही अशी सवय लागली.

तासाला ६९ जॉब. ६९ गुणिले १५, म्हणजे सतराएक मिनिटं. सात तासांत दोन तास मी विनाकारण हात वर करून उभा असतो. मास्तर, तपासून घ्या.

गणिताचा मास्तर | ५ डिसेंबर, सकाळी ९:१०

बरोबर आहे. पैकीच्या पैकी.

येवलेकरीण | ५ डिसेंबर, दुपारी ३:२०

तुमचं ते १५ सेकंदांचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरात पैठणी विणतात, मी लग्न होऊन आल्यापासून मागावर बसते. पदराचं काम असतं तेव्हा हात पुढे, बोटं तेवढी हलतात, बारीक बारीक कांड्या फिरवायच्या. खांदा जणू खुंटीला टांगलेला. मोर भरताना तर श्वाससुद्धा धरून बसतो. एक तार चुकली की उसवा. उजव्या फऱ्याच्या वर सुपारीएवढी गाठ आहे, दाबली की डोळ्यांसमोर तारे.

सासूबाई मात्र सत्तरीपर्यंत विणत होत्या, कुरकुर नाही. दर थोड्या वेळाने "चहा ठेव गं" म्हणून उठायच्या. मला वाटायचं काय ही चहाची सवय.

पंचवटी फिजिओ | ५ डिसेंबर, रात्री ९:४५

सासूबाईंना नमस्कार सांगा. श्वास धरून बसण्याचंही खरं आहे. डोकं ताणून एकाग्र झालं की हात न हलवताही ट्रॅपेझियस थोडा आवळलेला राहतो, चूक होईल या धास्तीने आणखी.

हमालपुत्र | ६ डिसेंबर, रात्री ११:२०

सगळं छान चाललंय, पण मला एक टोचतंय. वडील लासलगावला कांद्याच्या गोण्या उचलत आयुष्यभर राहिले. त्यांचे दोन्ही खांदे गेले आहेत. स्वतःचे केस विंचरता येत नाहीत. तेव्हा 'जड काम बरं, हलकं वाईट' असा अर्थ कुणी काढू नका. गोणी पाठीवर घेताना एक झटका असतो, थप्पी लावताना सातवी-आठवी गोणी डोक्यावरून वर फेकावी लागते. तो खांदाच असतो. पन्नास किलो. आयएलओची (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) १९६७ ची शिफारस आहे की पुरुषाला ५५ किलोच्या वर वजन वाहायला लावू नये, म्हणजे आमचं ओझं कागदावर बसतं! पण दिवसात किती वेळा, हे त्या आकड्यात कुठे आहे?

आणि शेवटी फिजिओ मॅडम सांगणार, व्यायाम करा. दिवसभर गोण्या उचललेल्या माणसाला अजून व्यायाम?

पंचवटी फिजिओ | ७ डिसेंबर, रात्री १०:१५

राग रास्त आहे आणि मुद्दाही. जड आणि वारंवार उचलणं, हात डोक्यावर नेऊन जोर लावणं, थरथरणारी अवजारं, या सगळ्यांनी खांदा झिजतो यात वाद नाही. गोणीबद्दल मी लिहिलं ते फक्त धागाकर्त्यांच्या चार-सहा गोण्यांना लागू. तुमच्या वडिलांच्या हजारोंना नाही.

व्यायामाचंही तसंच. ज्याचं कामच जड, त्याला आधी ओझं, फेऱ्या आणि थप्पीची उंची कमी करायला हवी. व्यायाम त्याच्यानंतर, कदाचित कामाचा हंगाम नसताना. पण ज्याचा स्नायू दिवसभर थोड्याशाच जोरावर अडकून पडलाय, त्याला अधूनमधून खरा जोर लावायला दिला तर फायदा होतो. ते झोपलेले मोठे गट उठतात. डेन्मार्कमध्ये २०११ साली १९८ ऑफिस कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला, मान-खांदा वारंवार दुखणारे लोक. एका गटाने रबरी पट्टा ओढून हात बाजूला उचलण्याचा व्यायाम रोज २ मिनिटं केला, दुसऱ्याने १२ मिनिटं, तिसऱ्याला फक्त माहिती दिली. १० आठवड्यांनी दोन्ही व्यायामवाल्यांचं दुखणं कमी आणि जोर वाढलेला. दोन मिनिटंवाल्यांनाही. ते ऑफिसवाले होते, हमाल नव्हते, हे तुमच्या बाजूने मीच सांगते.

वडिलांचं वय किती? पडल्याचा, झटका बसल्याचा काही प्रसंग? अचानक हात उचलेनासा झाला असेल तर पूर्ण फाटलेलं असू शकतं, तिथे हाडांच्या डॉक्टरांना भेटाच.

हमालपुत्र | ७ डिसेंबर, रात्री ११:००

६८. प्रसंग एक नाही, चाळीस वर्षं आहेत. दाखवतो.

नाशिकरोडचा जावई | ८ डिसेंबर, सकाळी ८:१५

मॅडम, तेलाबद्दल काही बोलला नाहीत.

पंचवटी फिजिओ | ८ डिसेंबर, रात्री ९:३०

लावा की. चोळल्याने तासभर बरं वाटतं, झोप लागते, झोप लागली तर दुखणंही कमी जाणवतं. फक्त रगडून गाठ फोडायला जाऊ नका. स्नायूत जोर मात्र तेलाने येत नाही.

अंबडची सेकंड शिफ्ट | ९ डिसेंबर, रात्री १:२०

ताई, ऑपरेशनचं काय करू? त्यांनी तारीख विचारलीय. आणि तो पार्शल टेअर अंगावर येतोय. फाटलेलं आहे म्हटल्यावर पट्टा ओढून आणखी फाटलं तर?

पंचवटी फिजिओ | ९ डिसेंबर, रात्री १०:४०

निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा. विचारायला जाण्याआधी दोन गोष्टी माहीत असू द्या.

एक, न दुखणाऱ्या खांद्यांचे एमआरआय काढले तरी फाटलेलं सापडतं. १९९५ च्या एका अभ्यासात साठीपुढच्या, खांद्याची काही तक्रार नसलेल्या माणसांत ५४ टक्क्यांना कफ कुठे ना कुठे फाटलेला निघाला. तुमचं वय कमी आहे, तरी 'रिपोर्टात आहे म्हणजे तेच दुखतंय' असं धरून चालू नका.

दोन, हाड घासून जागा मोकळी करायचं जे ऑपरेशन आहे, त्याची इंग्लंडमध्ये चाचणी झाली, २०१८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ३१३ रुग्ण. काहींवर खरं ऑपरेशन, काहींत नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, काहींवर काहीच नाही. खऱ्या आणि नुसत्या दुर्बिणीत फरक निघाला नाही. काहीच न केलेल्यांपेक्षा दोघे किंचित बरे, पण तो फरक रोजच्या जगण्यात जाणवावा इतका नव्हता. पडून-झडून पूर्ण फाटलेल्या कफची गोष्ट वेगळी, तिथे शिवणं लागतं.

डॉक्टरांना सरळ विचारा: "तीन महिने नीट व्यायाम करून मग ठरवलं तर काही बिघडेल का?"

पट्ट्याचं: सर्वांत सौम्य पट्ट्याने सुरू करा. पायाखाली धरून हात थोडा समोर-बाजूला, खांद्याच्या उंचीच्या खालीच थांबवा, खांदा कानाकडे न चढवता. आरशासमोर. दुसरा, भिंतीला तळवे टेकून कोपर सरळ ठेवून फक्त फरे पुढे ढकलायचे. करताना दहात तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखायला नको. जास्त दुखलं तर पट्टा बदला, सोडू नका. एकदा कुणाकडून तरी प्रत्यक्ष तपासून घ्या.

आणि सगळ्यांसाठी: डावा खांदा किंवा हात दुखतोय, सोबत छातीत दडपण, घाम, धाप, तर धागा वाचत बसू नका, दवाखाना गाठा. ताप, वजन उतरणं, रात्रंदिवस सारखाच ठणका, हेही स्नायूचं नाही.

मांडवाखाली | १४ डिसेंबर, रात्री ८:००

थिनिंग जोरात आहे, म्हणून उशीर. तुमचं वाचून बागेत दोन गोष्टी केल्या. चार इंची लाकडी पाट बनवून घेतले, पण माती ओली, पाट डगमगतात, बायांनी दुसऱ्या दिवशी बाजूला टाकले. माझी अक्कल वाया. दुसरी गोष्ट चालली. एका ओळीला दोन जणी. एक घड विरळणार, दुसरी खाली बसून काड्या गोळा करणार, ओळ संपली की अदलाबदल. टोळीची मुकादम आधी म्हणाली, उक्त्यात आम्ही मागे पडू. पहिल्या दिवशी पडल्या. चौथ्या दिवशी बरोबरीला आल्या, कारण दुपारनंतर हात खाली सोडून झटकत उभं राहणं कमी झालं.

पुढच्या नव्या लागणीला सपाट मांडवाऐवजी इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा करणार. घड छातीसमोर येतात. खर्च आहे, पण माझ्या बायकोचाही खांदा त्याच मांडवाखाली आहे.

हमालपुत्र | १४ डिसेंबर, रात्री ९:१०

दादा, कारखान्यातल्या माणसाला निदान ईएसआयसी (कामगार विमा) आहे, आजारी रजेत ७० टक्के पगार, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. आम्हाला १९६९ चा माथाडी कायदा तरी आहे. त्या बायांना? पडलेला रोज कोण देणार?

मांडवाखाली | १४ डिसेंबर, रात्री ९:३०

कुणी नाही. मीही नाही देत, खोटं कशाला बोलू.

अंबडची सेकंड शिफ्ट | १ फेब्रुवारी, रात्री १:४०

मंडळी, हजर आहे. सात आठवडे झाले.

डॉक्टरांना ताईंचा प्रश्न विचारला. ते चिडतील वाटलं होतं, म्हणाले, "थांबू, काही घाई नाही." व्यायाम रोज, पिवळ्या पट्ट्यावरून लाल पट्ट्यावर आलोय. पहिले दहा दिवस वाटलं फुकट. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस शर्ट डाव्या बाहीने घातला, घालून झाल्यावर लक्षात आलं. दुखणं आधी दहात सात असायचं, आता तीन-चार. शनिवारी, ओव्हरटाइम केला की पुन्हा सहा. रात्री अजून एकदा जाग येतेच. बरा झालो म्हणणार नाही.

खरी लढाई ती पंधरा सेकंदांची. गन सोडायची सवय लागेना. शेवटी मनगटाला दोरा बांधला, हात वर राहिला की दिसायचा. पोरं हसायची, "काका, कुठल्या मंदिरातला?"

मग कायझेनचा, म्हणजे कामात सुधारणा सुचवायचा फॉर्म भरला. बॅलन्सर एक वीत खाली आणायचा, म्हणजे गन सोडली तरी छातीसमोर राहील, आणि जॉबचा हँगर खाली घ्यायचा, म्हणजे बोल्ट कपाळाऐवजी हनुवटीच्या उंचीला. मास्तरांचं ३५ किलोचं गणित फॉर्ममागे लिहून दिलं. साहेबांनी ते वाचून आपला हात हवेत धरून पाहिला, घड्याळ लावून. दीड मिनिटात खाली घेतला, काही बोलले नाहीत. मंजूर झालं. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला.

पण घोटाळा असा की उंची माझ्या मापाने ठरली. मी पाच फूट नऊ. फर्स्ट शिफ्टला माझ्या जागी काँट्रॅक्टचा पोरगा असतो, पाच तीन असेल. त्याला हनुवटीचं कपाळच होतं. काल शिफ्ट बदलताना पाहिलं, तो बोल्टच्या रिकाम्या खोक्यावर उभा होता. मला म्हणाला, "काका, चांगलं झालं ना आता?" त्याला काय सांगू? खांदा दुखतो का विचारलं तर म्हणाला, "थोडा, पण वजन काहीच नाही."

हँगर फिक्स वेल्ड केलाय. प्रत्येक शिफ्टला उंची बदलता येईल असं काही सुचतंय का कुणाला?

मांडवाखाली | १ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

साखळी लावा. वर कडी, खाली एस हुक. जेवढ्या कड्या सोडाल तेवढं खाली. आमच्या शेडमध्ये वजनकाटा असाच टांगलाय, मीही वापरतो आणि बायकोही. हँगरचं ओझं किती, ते बघून जाडी घ्या.

गणिताचा मास्तर | १ फेब्रुवारी, सकाळी ९:००

दोघांच्या उंचीत सहा इंच. हनुवटीच्या उंचीत जवळपास तेवढाच फरक पडेल, थोडा कमी. एक कडी दीड इंचाची मिळाली तर चार कड्या. त्या पोराची कडी रंगवून ठेवा, म्हणजे सकाळी शोधत बसायला नको.

अंबडची सेकंड शिफ्ट | १ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

उठलो आत्ता. आज शिफ्टच्या आधी रविवार कारंजाकडे हार्डवेअरवाल्याकडे चक्कर मारतो. नवा फॉर्म भरायला लागेल, यावेळी त्याच्या नावाने भरतो. काँट्रॅक्टवाल्याचा कायझेन घेतात का, माहीत नाही. विचारतो.